पुढच्या दाराने ओमान

परत आले त्या दिवसापासून वाडीत मला एकच प्रश्न विचारला जातोय, "काय आणलंस?" कशी आहेस, काय बघितलंस, विमानात कान दुखले का, हे कुणी म्हणून विचारत नाही. आखातातून कायमचा परत येणारा माणूस म्हणजे सोबत तीन-चार खोकी पाहिजेतच. दोरीने करकचून बांधलेली, वर मार्करने नाव-गाव लिहिलेली. त्यात ब्लँकेटं, अत्तरं, दुधाच्या पावडरीचे डबे, कंबरदुखीचा बाम. शेवटचे पंधरा दिवस माणूस मस्कतला रुवीच्या बाजारात ही खोकी भरण्यातच घालवतो. आमचे हे आले ते एक बॅग आणि बायको घेऊन. आमच्या चुलत सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बावीस वर्षं राहून रिकाम्या हाताने आला गो!" असं त्या विहिरीवर सगळ्यांना सांगत होत्या. सांगू देत. बचत गटातल्या तुम्ही दहाजणी मात्र म्हणालात, काकी, बघितलंत ते लिहून काढा, आपण वाचू. म्हणून हे लिहिते. ज्यांना बाम हवाय त्यांनी गुहागरला जाऊन घ्यावा.

हे मस्कतला एसीचे मेकॅनिक होते. दोन वर्षांतून दोन महिने घरी. आमचा संसार म्हणजे अर्धा फोनवरच झाला म्हणा ना. यंदा कंपनीने सांगितलं, व्हिसा आता वाढणार नाही, खलास. ह्यांचा फोन आला, "खोक्यात काय काय घालू?" मी म्हटलं, "काही घालू नका. मला बोलवा." हे म्हणाले, "इथे बघण्यासारखं काय आहे? डोंगर, माती आणि ऊन." मी म्हटलं, "ते तुम्ही बघितलंत ना इतकी वर्षं? मग मलाही बघू दे."

दार्सैत

ह्यांचा एक मित्र कुटुंबासकट सुट्टीवर गावी गेला होता, त्याची मस्कतमधली दार्सैतची जागा आम्हाला मिळाली. सकाळी खिडकी उघडली तर समोरच्या बाल्कनीत केरळी लुंगी, ते मुंडू म्हणतात तो, वाळत घातलेला, खालून फोडणीचा वास आणि कुणीतरी मराठीत पोराला ओरडतंय, "डबा विसरलास!" मी म्हटलं, ह्यासाठी एवढी विमानात बसले होय? पण मान वर केली आणि डोंगर दिसला. उघडाबोडका, तपकिरी, एक झाड नाही की गवताची काडी नाही. आमच्याकडे दगडालासुद्धा शेवाळ धरतं. असा डोंगर मी जन्मात पाहिला नव्हता. मला तो आवडला, खोटं कशाला सांगू. कुणाची भीडभाड न ठेवता उभा होता.

कृष्णाच्या देवळात जाऊन आलो, मग टॅक्सीने मत्रहला. समुद्राकाठचा रस्ता, पांढरी घरं, मासळीबाजार. सुरमई आपल्यासारखीच, पण विकणारे सगळे पुरुष, आणि आवाज म्हणून नाही! कोळीण नसलेला मासळीबाजार मला सुनासुना वाटला. भाव करायची माझी फार इच्छा होती, ह्यांनी हाताला धरून बाहेर काढलं.

टॅक्सीतून हे दाखवत होते, "ती बिल्डिंग दिसते? तिच्या छतावर मी दोन महिने होतो. ती पलीकडची? तिथल्या डक्टचं काम आमचं." एवढं मोठं शहर ह्यांना तोंडपाठ, पण सगळं वरून. मी विचारलं, "आणि समोरून कशी आहे?"

"समोरून कधी गेलो नाही."

हे इतक्या सहज म्हणाले की मला आधी कळलंच नाही. कळलं ते संध्याकाळी. एक भलंमोठं हॉटेल होतं, त्याच्या आतला दिवाणखाना बघण्यासारखा आहे असं मी कुठेतरी ऐकलं होतं. चहा घेऊ म्हटलं, तर हे तयार झाले. मी नवीन नारायणपेठ नेसलेली, केसात गजरा. तिथे गजरा मिळतो हो, दार्सैतमध्ये सगळं मिळतं. आणि हे मला घेऊन चालले कुठे, तर मागच्या गल्लीत. कचऱ्याचे डबे, जनरेटरची घरघर, भिंतीला टेकून विड्या ओढणारे दोन वेटर. एका लोखंडी दारापाशी थांबले आणि म्हणाले, "इथून जातात."

"मी काय गॅसचा सिलिंडर आहे, मागच्या दाराने आत न्यायला?"

हे गडबडले. खरंच लक्षात आलं नव्हतं त्यांच्या. पाय आपोआप तिकडे वळले होते. पुढच्या दाराशी आलो तर उंच टोपीवाल्या माणसाने सलाम करून दार उघडलं, आणि आमचे हे त्याच्याकडे बघून असे अंग चोरून आत शिरले की माझा जीव कळवळला. आणि मग संताप आला. ज्या देशाला ह्या माणसाने आपली सगळी उमेद दिली, तिथल्या एका दारातून ताठ मानेने जाता येऊ नये? चहा पिताना मी मनाशी ठरवून टाकलं. आठवड्याने आपण विमानात बसायचं. त्याआधी ह्यांना मी इथे पाहुणा करून दाखवणार. तिकीट काढून, पुढच्या दाराने, सगळ्यांसारखं. नाही केलं तर नाव सांगणार नाही.

निझवा

निझवाला नझीरभाईंनी नेलं. ते आपले श्रीवर्धनकडचे. पूर्वी रुवीला एकाच खोलीत हे आणि ते राहायचे, आता त्यांचं निझवाला मसाल्यांचं दुकान आहे. मस्कतला माल घ्यायला आले होते, परत जाताना आम्हाला गाडीत घातलं. वाटेत दोन्ही बाजूंना तेच उघडे डोंगर, आणि मध्येच एखाद्या खोलगट जागी एकदम हिरवीगार खजुराची बाग. कुणीतरी खिशातून पडलेला रुमाल उचलायचा विसरलाय असं वाटावं. त्यांच्या बायकोने, झुबेदाभाबींनी, दुपारी तांदळाची भाकरी आणि सारंग्याचं कालवण वाढलं. समुद्र एवढा लांब, आणि कालवणाची चव पार आपल्या बंदरावरची. भाबी म्हणाल्या, "नारळ तेवढा डब्यातला हाय, ते मनावर घेऊ नका." मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, तेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी सकाळी तिथे बकऱ्यांचा बाजार भरतो. आपल्याकडे बकरी दावणीला आणि गिऱ्हाईक फिरतं. तिथे उलटं! गिऱ्हाईकं गोल करून बसतात आणि विकणारा बकरी घेऊन त्यांच्याभोवती गरगर फिरतो. ज्याला आवडली तो हात घालून थांबवतो, दात बघतो, कास चाचपतो. चेहऱ्यावर मुखवट्यासारखा बुरखा घातलेल्या म्हाताऱ्या बायासुद्धा पुढच्या रांगेत बसून भाव पाडत होत्या. त्यांचा तो रुबाब बघून मला बरं वाटलं. एकीने माझ्याकडे बघून बकरीच्या पाठीवर थाप मारली, घेतेस का, म्हणून. मी हातानेच विचारलं, विमानात कशी नेऊ? ती अशी खदखदून हसली की विकणारा बकरी सोडून आमच्याकडे बघायला लागला.

मग किल्ला. बाहेरून बघाल तर एक प्रचंड गोल बुरूज, ढोलासारखा. आत वर चढायला अरुंद जिना, वळणावळणाला दार, आणि प्रत्येक दाराच्या डोक्यावर छताला भोक. त्यातून शत्रूच्या डोक्यावर उकळता खजुराचा रस ओतायचे. खाली एक खोली आहे, तिच्या जमिनीला पन्हळी काढल्यात. तिथे खजुराची पोती थरावर थर रचायची, आपल्याच भाराने रस गळतो आणि पन्हळींतून वाहत रांजणात जातो. थेट आपली काकवी. एवढी गोड वस्तू आणि उपयोग काय केला बघा! मी त्या भोकाखाली उभी राहून वर बघितलं आणि आमच्या चुलत सासूबाईंची आठवण झाली. पुढचं लिहीत नाही.

ह्यांनी तिकीट खिडकीवर स्वतः काढलं होतं. मी मुद्दाम मागे उभी राहिले. बुरुजावर पोचलो तेव्हा वाऱ्यात शर्ट फडफडत होता आणि हे खालची बाग बघत होते. चांगले दिसत होते. मी मनात म्हटलं, जमतंय.

तिथून पायीच एका छोट्या म्युझियममध्ये गेलो. जुन्या मातीच्या घराचं केलेलं आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं चांगली होती. चांदीचे दागिने, खंजिरांच्या मुठी, धान्याची मापं, नवरीची पेटी. दागिन्यांच्या कपाटाशी मी रमले. आपल्या गोठ-पाटल्यांसारख्या जाड पाटल्या, आणि पायातले वाळे तर एवढे वजनदार की ती बाई चालायची कशी, देव जाणे. बघता बघता मागे वळले तर हे नाहीत. बाथरूमला गेले असतील म्हणून मी थांबले. पुढचं कपाट बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. आणि बोळातून ह्यांचा आवाज आला, "स्टूल दो जरा."

मी आत धावले. आमचे हे स्टुलावर उभे. इस्त्रीचा निळा शर्ट कोपरापर्यंत वर केलेला, एसीचं झाकण काढलेलं, आणि तिथला सुपरवायझर, आपल्याकडचाच माणूस, खाली बादली धरून उभा. झालं होतं असं, की एसी गळत होता, म्युझियमवाल्यांनी मेकॅनिकला फोन केला होता आणि त्याची वाट बघत होते. हे भिंतीवरचा ओला डाग बघत उभे होते. सुपरवायझर आला, "आ गये? चलो, इधर से," म्हणाला, आणि हे निघाले! तिकीट खिशात असलेला माणूस निघाला! "मी तो नव्हे" एवढे तीन शब्द ह्यांच्या तोंडातून निघाले नाहीत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं हिंदी कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी थांबले नाही. "ये आदमी छुट्टी पे है! हम लोग टिकट निकालके आया है! तुमने पूछा क्यों नहीं? कामवाला ऐसा दिखता है, इसलिए?" पर्समधलं माझं तिकीट काढून मी त्या सुपरवायझरच्या बादलीवर धरलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला. तो "सॉरी मॅडम, सॉरी भाईसाब" करत राहिला. हे स्टुलावरून खाली बघत मला म्हणाले, "अगं, हळू. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं असू दे नाही तर अर्ध्या मिनिटाचं. उतरा खाली."

आवाज ऐकून घराचे मालक आले. वयस्कर ओमानी गृहस्थ, पांढरा पायघोळ झगा, डोक्याला भरतकामाची टोपी. सुपरवायझरने त्यांना काय ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग छातीवर हात ठेवून ह्यांची माफी मागितली आणि आम्हाला आतल्या गालिच्यावर नेऊन बसवलं. खजूर आले, वेलचीची बिनसाखरेची कॉफी आली. वाटी एवढीशी, तळाला घोटभर. मी संपवली की ते ओततात, मी संपवली की ते ओततात. पानात टाकायचं नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं! शेवटी छातीत धडधडायला लागलं तेव्हा हे कुजबुजले, "वाटी हलव. पुरे म्हणायची इथली रीत आहे." हे आधी सांगायला काय झालं होतं, ते मला कळलं नाही. पण ह्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

मला वाटलं, जिंकले. ह्या देशातल्या घरात हे मांडी घालून बसलेत, घरमालक हाताने कॉफी ओततोय. अजून काय पाहिजे? पण निघताना हे उठले, बोळात गेले, आणि काढलेलं झाकण स्वतः परत बसवून आले. दुरुस्ती झाली नव्हती, कसलातरी पार्ट लागणार होता. "उघडं टाकून जाता येत नाही," एवढंच म्हणाले.

नझीरभाई हलवा घ्यायला बाजारात गेले आणि आम्ही खजुराच्या बागेत पाटाच्या कडेला बसलो. तिथे डोंगरातून पाट काढून पाणी आणतात आणि पाळीपाळीने बागांना देतात. पाणी गार, पायांना छोटे मासे टोचत होते. मी म्हटलं, "एक दिवस. एक दिवस तुम्ही पाहुणे होऊ शकत नाही?"

हे सहसा चिडत नाहीत. त्या दिवशी चिडले.

"पाहुणा, पाहुणा काय लावलंयस सकाळपासून? पाहुणा येतो, खातो, जातो. घरात कुठे काय गळतंय ते तो बघत नाही. मी बावीस वर्षं इथे राहिलोय. पाणी भिंतीतून त्या चांदीच्या दागिन्यांच्या कपाटाकडे उतरत होतं, मला ते बघवेना, म्हणून गेलो. त्याने बोलावलं म्हणून नाही गेलो."

"मग त्याला तसं सांगायचं ना! तो तुम्हाला हाताने खुणावतो काय, तुम्ही मुकाट्याने जाता काय!"

"तो चुकला. ते कळतं मला." हे पाण्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आला. "पुढच्या आठवड्यात व्हिसा रद्द होईल. मग सगळेच म्हणणार, बाहेरचा होता, गेला. कागदावर तर तसंच लिहिलंय. निदान तू तरी मला इथला पाहुणा म्हणू नको गं."

मला रडू आलं. रागाचं की कसलं, ते मला तेव्हाही कळलं नाही. नझीरभाई हलवा घेऊन आले, केशर आणि तूप घालून चकचकीत शिजवलेला, आणि आम्ही तिघांनी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून गुपचूप खाल्ला. मी चुकले असं मी म्हणणार नाही. अजूनही नाही. त्या सुपरवायझरने विचारायला हवं होतं, आणि परत तसं घडलं तर मी परत ओरडेन. पण हे जे बोलले ते माझ्या घशाखाली उतरेना, आणि बाहेरही येईना.

जबरीन

शनिवारी जबरीनचा वाडा. वाटेत बहलाची तटबंदी लागते, डोंगरावरून मैलोन्‌मैल पळत गेलेली मातीची भिंत. एरवी मी गाडी थांबवायला लावली असती, पण त्या सकाळी माझं लक्ष नव्हतं. हे पुढे नझीरभाईंच्या शेजारी बसले होते. पांढरा शर्ट घातला होता. निळ्याला एसीचा काळा डाग पडला होता, तो मी भाबींच्या न्हाणीघरात घासघासून काढला, निघाला नाही.

जबरीन म्हणजे मोकळ्या माळावर एकटाच उभा असलेला उंच, चौकोनी, पिवळसर वाडा. भोवती खजुरी, आणि मागे काही नाही, नुसतं आभाळ. आत छतांवर वेलबुट्टी रंगवलीय असं नझीरभाई सांगत होते. ते स्वतः गाडीतच थांबले, म्हणाले, "मी पाहुण्यांना दाखवून दाखवून कंटाळलो. तुम्ही जा निवांत."

दाराशी एक तरुण ओमानी बसलेला. आमच्या पुढे परदेशी जोडपं होतं, गोरं, उन्हाने लालबुंद झालेलं. त्याने त्यांना हसून आत सोडलं आणि आमच्याकडे वळला. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्या साडीकडे बघितलं, आणि हिंदीत विचारलं. तिथल्या पुष्कळ लोकांना हिंदी येतं.

"इंडिया? दोनों टुरिस्ट?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मान हलवणार होते, मला दिसलं. "हो" म्हणून मोकळे होणार होते, माझ्या समाधानासाठी. दोन दिवस मी ज्याच्यासाठी भांडले तेच हे आता मला देऊन टाकणार होते.

आणि मग माझं मलाच राहवलं नाही.

"टुरिस्ट मैं," मी म्हटलं. चांगलं ठणकावून म्हटलं, ते पुढे गेलेलं जोडपंही वळलं. "मैं मेहमान. ये मेहमान नहीं. ये इधर का है. मस्कत में बाईस साल. तुम छोटा होगा, तबसे."

तो पोरगा बघतच राहिला. मग ह्यांच्याशी अरबीत काहीतरी बोलला. आणि आमचे हे, हॉटेलच्या दारात अंग चोरणारे हे, त्याला अरबीत उत्तर द्यायला लागले. एक वाक्य, दोन वाक्यं, हातवारे, परत काहीतरी, दोघेही हसले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ह्यांना ही भाषा इतकी येते हे मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर ती बोलणार कुणाशी आणि का! मी तिथे साडीचा पदर धरून उभी, माझ्याच नवऱ्याचं बोलणं मला कळत नव्हतं, आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मग माझं इथे काय काम? तुझी बायको, तूच दाखव."

मोठ्या लाकडी दाराला एक छोटं दार होतं, वाकून जावं लागेल असं. हे माझ्या पुढे झाले, वाकले, आत गेले. आतला अंधार आणि गारवा मला बाहेरूनच जाणवत होता. मग ते आतून वळले, हात पुढे केला, आणि आपल्या ओसरीवरून आलेल्या-गेलेल्याला म्हणतात त्या आवाजात म्हणाले, "ये. सांभाळून गं, आमचा उंबरा जरा उंच आहे."